सांगली ते बुटीबोरी, मध्यम लहरींवरून

कोल्हापूरहून दुपारी सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला टेकते. 1300 किलोमीटरहून जास्त अंतर, आणि एवढ्या प्रवासात गाडी एकदाही राज्याची हद्द ओलांडत नाही. माझं घर कोल्हापूरला आणि आजोळ वर्ध्याला. त्यामुळे कॉलेजात असल्यापासून या गाडीचा स्लीपरचा डबा अंगवळणी पडलेला. पिशवीत चटणी-भाकरी, पाण्याची बाटली आणि दोन सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर. बाकीच्यांना रेडिओ गाण्यांसाठी आणि बातम्यांसाठी लागायचा. मला तो लांबची स्टेशनं धरायला लागायचा.

मीडियम वेव्हचा, म्हणजे मध्यम लहरींचा, आपल्याकडचा पट्टा 531 किलोहर्ट्झपासून सुरू होतो आणि 1602ला संपतो. मध्ये दर 9 किलोहर्ट्झवर एक जागा. माझ्या सेटच्या काचेवर 530, 600, 700, 800, 1000 असे मोजकेच आकडे छापलेले होते, बाकी सगळं अंदाजाने. पण सवयीने काटा कुठे आहे ते कळायला लागतं. 792ला पुणे हे एकदा बोटाला कळलं, की त्याच्या डावीकडे केसभर सरकल्यावर धारवाड, आणखी थोडं मागे गेल्यावर हैदराबाद. नकाशात ही शहरं जशी मांडलेली आहेत त्याच्याशी या क्रमाचा काही संबंध नाही. तरी वर्षानुवर्षं माझ्या डोक्यात भारताचा एक नकाशा याच क्रमाने बसलेला आहे, आणि तो मला शाळेतल्या नकाशाइतकाच खरा वाटतो.

दुपारी सुटल्यावर पहिलं राज्य सांगलीचं. 1251 किलोहर्ट्झ. जयसिंगपूर, मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी या टापूत हे स्टेशन इतकं स्वच्छ लागायचं, की निवेदकाच्या हातातल्या कागदाची सळसळही ऐकू यावी. बाजारभाव सुरू झाले की हळद, गूळ, बेदाणा. दिवसाउजेडी मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते. 20 किलोवॉटच्या केंद्राचा आवाज दोन-तीन जिल्ह्यांपलीकडे जात नाही. म्हणून दिवसाचा रेडिओ हा पिकांचा आणि बोलीचा रेडिओ असतो. हळदीचे भाव विरत जाऊन दुसऱ्याच कशाचे तरी ऐकू यायला लागले, की समजायचं, आपण कृष्णाकाठ सोडला.

मिरजेला एकदा अथणीकडच्या एक आजी समोरच्या बाकावर बसल्या. लेकीकडे साताऱ्याला निघाल्या होत्या. माझ्या हातातला सेट बराच वेळ न्याहाळून म्हणाल्या, "ताई, धारवाड लागतंय का बघा की जरा." 765वर काटा नेला. भरदिवसा, खरखरीच्या खालून, पण लागलं. कन्नड भावगीत चाललं होतं. आजींनी सेट कानाशी धरला आणि ताकारीपर्यंत सोडला नाही. मग अचानक म्हणाल्या, "ग्येलं." गेलं नव्हतं. रूळ वळला होता.

हे वळणाचं प्रकरण गाडीत रेडिओ ऐकणाऱ्यालाच कळतं. एफएमला लागते तशी लांब काडी मीडियम वेव्हला लागत नाही. सेटच्या पोटात काळपट फेराइटची एक कांडी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. तीच त्याची एरियल. लहर कांडीच्या आडव्या अंगावर आली तर जोरात लागते. कांडीचं टोक नेमकं स्टेशनच्या दिशेला झालं की आवाज जवळजवळ बंद पडतो. घरी आपण सेट एकदा फिरवून ठेवून देतो. गाडी मात्र सतत वळत असते, आणि तिच्यासोबत आपण, आपला हात आणि कांडीही. म्हणून वळणावर स्टेशन बुडायला लागलं, की सेट हलक्या हाताने उलट्या दिशेला फिरवायचा. गाडी डावीकडे तर सेट उजवीकडे. तेवढं केलं की आवाज परत येतो. आजींचा हात मी तसा फिरवून दिला आणि धारवाड परत आलं. त्या माझ्याकडे बघून मनापासून हसल्या. काही प्रवासांनंतर मला डोळे मिटूनही सांगता यायचं, की आता गाडी उजवीकडे वळतेय, आता सरळ लागली.

दुसरी अडचण डब्याची. चारी बाजूंनी लोखंड, त्यामुळे आतल्या बाजूला सेट धरला तर काहीच हाती लागत नाही. खिडकीची जागा मिळाली तरच ही हौस भागते. सेट थेट खिडकीच्या गजांशी न्यायचा, शक्य तेवढा बाहेरच्या हवेत. पुणे-मिरज मार्गावर विजेच्या तारा येण्याआधी डिझेलची इंजिनं होती, आणि रेडिओच्या दृष्टीने तो मार्ग सोन्यासारखा होता. इंजिनाची धडधड कानाला ऐकू यायची, पण पट्ट्यावर तिचा ओरखडाही नसायचा.

कराड मागे पडलं की सांगली क्षीण व्हायचं. कोरेगाव, वाठार, लोणंदच्या बाजूला हिवाळ्यात दिवस मावळायचा. या तासाभराची मी दुपारपासून वाट पाहत असे.

सूर्य असतो तोवर साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर विद्युतभारित झालेला असतो. शास्त्रज्ञ त्याला डी थर म्हणतात. मीडियम वेव्हच्या ज्या लहरी आकाशाकडे जातात त्या तो गिळून टाकतो. सूर्य गेला की हा थर विरायला लागतो, आणि त्याच्याही वरचे थर त्याच लहरी परत जमिनीकडे वळवतात. मग हजार-पंधराशे किलोमीटरवरचं केंद्र आपल्या खिडकीत येतं. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. लोणंदच्या स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबलेली असताना ते कानांनी अनुभवायचं तर अर्धा-पाऊण तास जातो, आणि तो अर्धा-पाऊण तास मला कधी पुरला नाही. आधी नुसतीच खरखर किंचित जाडसर होते. मग तिच्यात कुठेतरी कुजबुज. शब्द नाहीत, फक्त माणूस बोलतोय एवढं समजतं. मग त्या बोलण्याला चाल येते, आणि भाषा कळायच्या आधी चालीवरून ओळखू येतं, की ही तेलुगू आहे. 738, हैदराबाद. तोवर 648ला इंदूर उगवलेलं असतं, 846ला अहमदाबाद, 720ला चेन्नई. 1071ला राजकोटचा 1000 किलोवॉटचा ट्रान्समीटर, त्याच्यावर सीमेपलीकडच्या श्रोत्यांसाठीची उर्दू. दुपारभर ज्या जागांवर शुकशुकाट होता त्या एकेक करून भरत जातात.

रात्री लांबचं जवळ येतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. जवळचं बिघडतं हे फार जणांना माहीत नसतं. पुण्याचं 100 किलोवॉटचं केंद्र दिवसा साताऱ्याच्या बाजूला खणखणीत. अंधार पडल्यावर तिथेच ते हेलकावे खायला लागतं. आवाज मोठा होतो, बारीक होतो, मधूनच पोकळ होतो, गाणाऱ्याचा सूर वाकडा झाल्यासारखा वाटतो. कारण एकच लहर दोन वाटांनी येते, एक जमिनीवरून आणि एक आकाशातून, आणि त्या दोघी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात. याच हेलकाव्यांचा माग काढत एडवर्ड अ‍ॅपलटनने डिसेंबर 1924मध्ये बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राच्या लहरी वापरून वर खरंच परावर्तन करणारा थर आहे हे दाखवून दिलं, आणि त्याची उंचीही काढली. हेविसाइड आणि केनेली यांनी 1902मध्ये अशा थराची कल्पना मांडली होती. पुरावा या चढउतारांतून मिळाला. 1947चं भौतिकशास्त्राचं नोबेल अ‍ॅपलटनला मिळालं ते याच कामासाठी. हे वाचल्यापासून नीरा-जेजुरीच्या टापूत पुणे केंद्राचा सूर हलला तरी मी काटा हलवत नसे. ऐकत बसायचे. जे ऐकून एका माणसाने आकाशाची उंची मोजली, तेच माझ्या हातातल्या सेटमध्ये चाललेलं असायचं.

पावणेनऊला मात्र शोध थांबवायचा. त्या वेळी दिल्लीची हिंदी बातमीपत्रं आणि पाठोपाठ नऊची इंग्रजी बहुतेक केंद्रं सहक्षेपित करतात, त्यामुळे सगळ्या पट्ट्यावर एकच आवाज. कोण इंदूर आणि कोण जबलपूर, काही पत्ता लागत नाही. ही वेळ भाकरी खायची.

पुणे स्टेशनात काहीच लागत नाही. शहराचा गोंगाट रेडिओतही असतो. दौंड सोडून गाडी नगरच्या दिशेला लागली, डब्यातले दिवे विझले, वरच्या बर्थवर घोरणं सुरू झालं, की इयरफोन कानात घालायचा. ही माझी खरी रात्र. 882ला श्रीलंकेतल्या पुत्तलमचा 400 किलोवॉटचा ट्रान्समीटर, त्यावरून दक्षिणेकडच्या भाषांत ख्रिस्ती प्रवचनं. 1053ला तुतिकोरीन, तामिळ. 585वर तर दरवेळी थबकायचे. वर्ध्याला मामाच्या ओसरीवर भरदुपारी 585 म्हणजे नागपूर, दुसरं कुणी नाही. रात्री पश्चिम महाराष्ट्रात त्याच जागी नागपूरच्या आवाजाखालून आणखी एक आवाज हलायचा, उर्दूतला. इस्लामाबाद. दोघेही एकाच आकड्यावर, दोघांच्याही ट्रान्समीटरला भरपूर ताकद. कधी मराठी वर, कधी उर्दू वर. या दोन शहरांमध्ये जाणारी गाडी नाही. तिथे मात्र दोघंही एकाच खोलीत बोलत असल्यासारखे ऐकू यायचे.

आणि शेवटी, काटा जवळजवळ उजव्या टोकाला नेऊन, 1566.

आकाशवाणीचं राष्ट्रीय चॅनेल 1988च्या मे महिन्यात सुरू झालं. नागपूरजवळ बुटीबोरीला 1000 किलोवॉटचा ट्रान्समीटर. देशाच्या मध्यावरून रात्रीच्या आकाशाचा उपयोग करून घ्यायचा, म्हणजे एकाच केंद्रातून जवळजवळ सगळा भारत आवाक्यात येतो, असा हा विचार. मला हा विचार फार मोठा वाटतो. ते चॅनेल दिवसा नसायचंच. संध्याकाळी सुरू व्हायचं आणि पहाटे थांबायचं, म्हणजे आकाश उघडं असेल तेवढाच वेळ बोलायचं. दर तासाला बातम्या, मध्ये शास्त्रीय संगीत, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी कार्यक्रम. ट्रकवाले, पहारेकरी, रात्रपाळीच्या नर्सबाई, जागे असणारे सगळे. युरोपातले आणि जपानमधले हौशी श्रोतेही 1566ला नागपूर पकडायला धडपडायचे, कारण तिथपर्यंत पोचणारी मीडियम वेव्हवरची भारतीय केंद्रं मोजकीच. श्रीगोंदा-बेलवंडीच्या माळावरून गाडी चाललेली असताना मध्यरात्री दोनला एखादा विलंबित ख्याल लागायचा, आणि मला माहीत असायचं, की हा आवाज ज्या गावाहून येतोय त्याच गावावरून ही गाडी उद्या जाणार आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हे असं जमत नसे. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग शेकडो किलोमीटरवर कडाडत असले तरी त्यांचा प्रत्येक तडाखा रेडिओत उमटतो. मराठवाड्यात कुठेतरी वीज पडलेली आपल्याला नगरला ऐकू येते. त्या रात्री मी स्टेशनांऐवजी विजा ऐकायचे. वादळ जवळ येतंय की लांब जातंय तेवढं त्यावरून कळायचं.

हिवाळ्यात पहाटे साडेपाचच्या पुढे मी सेट परत चालू करत असे. मनमाड मागे पडलेलं, चाळीसगावकडे निघालेलो. इथे वर विजेच्या तारा, त्यामुळे पट्टाभर एक घरघर. तरीही ही वेळ चुकवायची नाही. बाहेर अजून मिट्ट काळोख, म्हणजे आकाश अजून खुलं, आणि सहाला पाच कमी असताना बहुतेक केंद्रं सुरू होतात. आकाशवाणीची ती ओळखीची धून, जी वॉल्टर काउफमान या झेक संगीतकाराच्या नावावर आहे. काटा हळूहळू सरकवत गेलं, की प्रत्येक ठिकाणी तीच धून. एका जागी ठसठशीत, पुढच्या जागी पाण्याखालून आल्यासारखी, तिसऱ्या जागी दोन सूर मागे. कुठे नुकतीच संपून वंदे मातरम् लागलेलं. मग निवेदक बोलायला लागतात आणि भाषा वेगळ्या होतात. मराठी, गुजराती, कन्नड, हिंदी, तेलुगू, आणि प्रत्येक वाक्यात आकाशवाणी हा शब्द, प्रत्येकाच्या आपापल्या उच्चारात. पुढच्या पाऊण तासात पूर्वेला फटफटतं आणि एकेक केंद्र मावळत जातं. चेन्नई आधी, मग हैदराबाद. उजाडल्यावर उरतं ते 963, जळगाव. कापूस आणि केळीचे भाव. भुसावळला चहा.

वर्ध्याला मामा स्टेशनवर उभा असायचा. पिशवी हातातून घ्यायच्या आधीच विचारायचा, "का का लागलं मंग रातच्याला?" त्याच्याकडे जुना मर्फीचा सेट होता, तो कधीच वर्ध्याबाहेर गेला नव्हता. मामाही फारसा गेला नाही. त्याला मी वही दाखवायचे. वेळ, आकडा, भाषा, काय ऐकलं, कुठल्या स्टेशनाजवळ ऐकलं. तो शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून वाचायचा. तुतिकोरीन समोर बेलवंडी, राजकोट समोर जेजुरी.

लांबची स्टेशनं धरणाऱ्यांची जगभर एक मोठी जमात आहे. त्यांच्या भाषेत या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. काय ऐकलं त्याचा तपशीलवार अहवाल केंद्राला पाठवला, तर केंद्र खात्री करून क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोचपावती, पाठवतं, आणि आकाशवाणीही अशी कार्डं देत आली आहे. मी मोजकेच अहवाल पाठवले. मामाने ती वही वाचणं मला पुष्कळ होतं.

वर्ध्याहून नागपूरला पुढे जाताना बुटीबोरी लागतं. या गाडीने ते नेहमी दिवसाच लागतं, म्हणजे 1566 बंद असतानाच. तरी दरवेळी मी तिथे सेट चालू करायचे आणि काटा उजव्या टोकाला नेऊन ठेवायचे. रिकामी जागा, पण ज्या जमिनीवरून तो आवाज उठायचा त्या जमिनीवर ती रिकामी असायची.

हे चॅनेल बंद करण्याचा निर्णय 2018च्या अखेरीस झाला. खर्च कमी करणं हे कारण. ट्रान्समीटरला विजेचं बिल येतं आणि श्रोते कमी झाले आहेत, हे मला मान्य आहे. पण एफएमचा आवाज साधारण 50-60 किलोमीटरला थांबतो, आणि फोनवरचं ॲप टॉवर असेल तिथेच चालतं. 2019च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या भागात वीज नव्हती, फोनचे चार्ज संपले होते, आणि दोन सेलवरचा तो सेट मात्र चालत होता. शेजारच्या चार घरांतली माणसं आमच्या जिन्यात बसून बातम्या ऐकत होती. एका ट्रान्समीटरने अर्ध्या देशाशी बोलता येणं ही ताकद आपल्याकडे होती आणि ती आपण हातची घालवतो आहोत असं मला मनापासून वाटतं. गेल्या काही वर्षांत मीडियम वेव्हचे कितीतरी ट्रान्समीटर असेच गप्प झाले. काही ठिकाणी डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं आहे. त्यासाठीचा सेट असेल त्याला ते स्वच्छ ऐकू येतं, माझ्या जुन्या सेटवर त्या जागी एक सपाट घसघस येते.

डबाही बदलला. प्रत्येक कप्प्यात मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, पंख्यांचे नवे रेग्युलेटर, आणि आता पुणे-मिरज मार्गावरही विजेच्या तारा. हे सगळं मीडियम वेव्हवर बारीक शिट्टीसारखं आणि करवतीसारखं उमटतं. म्हणून अलीकडे मी ऐकायला कोकणात उतरते. देवगडच्या बाजूला कड्यावर बसलं की समोर नुसतं पाणी, आणि खाऱ्या पाण्यावरून या लहरी जमिनीपेक्षा फार लांब जातात. पलीकडे थेट अरबस्तानाचा किनारा. ओमानमधून 1413 किलोहर्ट्झवर बीबीसीचं दक्षिण आशियासाठी प्रक्षेपण असायचं, आणि त्या कड्यावर ते स्थानिक केंद्रासारखं लागायचं. बीबीसीची हिंदी रेडिओ सेवा जानेवारी 2020च्या शेवटी थांबली, तरी त्या दिशेकडून अरबी आणि फारसी आजही वाहून येते. रत्नागिरीच्या 1143वर मच्छिमारांसाठीचे हवामानाचे इशारे मी तिथेच मन लावून ऐकले.

मामा आता नाही. त्याची नात नागपूरला इंजिनिअरिंग शिकते. गेल्या दिवाळीत तिने वही चाळली आणि विचारलं, "आत्या, यातली किती अजून लागतात?" आम्ही दोघींनी येत्या जानेवारीत याच गाडीने जायचं ठरवलं आहे, कोल्हापूर ते वर्धा, खिडकीशेजारच्या दोन बर्थवर. तिच्याकडे आकडे दाखवणारा नवा सेट आहे. त्याच्यात 9 आणि 10 किलोहर्ट्झची कळ असते. अमेरिकेतल्या सवयीप्रमाणे ती 10वर ठेवलेली होती, त्यामुळे 792 तिला सापडतच नव्हतं. ती कळ मी 9वर करून दिली आहे. जुनी वही तिच्याकडेच ठेवली आहे. प्रत्येक आकड्यासमोर नवीन रकाना तिने आखून घेतलाय, आणि लोणंदला सूर्य किती वाजता मावळतो ते शोधून वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय.